रोटर कंट्रोलर: अंश नंतर मोजा, वळसा आधी बघा

गच्चीवरचा_यागी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांच्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो: "रोटर (अँटेना फिरवणारी मोटर) मिळाला, आता कॉम्प्युटरवरून फिरवायला कंट्रोलर कोणता घेऊ?" उत्तरात मॉडेलांची नावं येतात, किमती येतात, कुणीतरी कस्टम ड्यूटी आठवून हळहळतो आणि विषय वाहून जातो. कंट्रोलर नेमकं काय करतो आणि कुठे दगा देतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा काढलाय.

माझी मांडणी अशी. पुण्यात सोसायटीची गच्ची, त्यावर याएसूचा जी-५५०० रोटर (दिशा आणि उंची दोन्ही फिरवणारा), दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर या बँडच्या क्रॉस यागी अँटेना. खाली खोलीत आर्डुइनो मेगा हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्यात के-थ्री-एन-जी (ही एका हॅमची कॉलसाइन) यांचं ओपन सोर्स फर्मवेअर. उपग्रहाचा माग कॉम्प्युटरवरचं जीप्रेडिक्ट हे सॉफ्टवेअर ठेवतं.

जी-५५०० च्या कंट्रोल डब्याला मागे आठ पिनांचं सॉकेट असतं आणि हवं ते सगळं तिथे तयार मिळतं. ६ नंबरच्या पिनवर दिशेचा व्होल्टेज, १ वर उंचीचा. दोन्ही साधारण २ ते ४.५ व्होल्ट, मागच्या प्रीसेटने थोडे कमीजास्त करता येतात. २ नंबर ८ ला टेकवली की अँटेना उजवीकडे, ४ टेकवली की डावीकडे, ३ ने वर, ५ ने खाली. संपलं. चार ट्रान्झिस्टर आणि दोन अ‍ॅनालॉग इनपुट एवढंच हार्डवेअर. रिले बोर्ड लागत नाही. चार २एन२२२२ ट्रान्झिस्टर पुण्यात पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात मिळतात.

कॉम्प्युटरशी बोलायची भाषा म्हणजे याएसूचा जुना जीएस-२३२ प्रोटोकॉल. 'आर' पाठवलं की उजवीकडे, 'एल' की डावीकडे, 'एस' म्हणजे सगळं थांबव, 'सी' म्हणजे आत्ता कुठे आहेस ते सांग, 'एम १८०' म्हणजे दक्षिणेला जा, 'डब्ल्यू १८० ०४५' म्हणजे दक्षिणेला जा आणि पंचेचाळीस अंश वर बघ. घरगुती असो की विकतचा, बहुतेक कंट्रोलर ही भाषा बोलतात, त्यामुळे सॉफ्टवेअरची अडचण सहसा येत नाही.

आता माझा मुद्दा. नवीन माणूस सगळ्यात आधी विचारतो, "अचूकता किती?" आर्डुइनोचा दहा बिटी एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. रोटर त्यातले अडीच व्होल्टच वापरतो, म्हणजे ४५० अंशांना (जी-५५०० पूर्ण फेरीहून ९० अंश जास्त फिरतो) ५१२ पायऱ्या, एका पायरीला जवळजवळ एक अंश. ऐकून लोक नाक मुरडतात. पण तीन एलिमेंटच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बीमचा झोत साठ अंशांच्या आसपास रुंद असतो. माझ्या सत्तर सेंटिमीटरच्या यागीचाही तीस-चाळीस अंश आहे. तिथे एक अंश इकडे की तिकडे याने एस-मीटरची (सिग्नलचा जोर दाखवणारी) सुई ढिम्म हलत नाही. कंट्रोलरची अक्कल दुसरीकडे लागते: कुठे जायचं नाही, कुठल्या बाजूने वळून जायचं, आणि कधी थांबायचं.

जुन्याजाणत्यांनी भर घालावी.

शिकाऊ_व्हीयू३

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. मी एसओ-५० हा उपग्रह हातात यागी धरून ऐकतो, गच्चीवर उभा राहून. चांगला ऐकू येतो. मग एवढा खटाटोप कशासाठी?

गच्चीवरचा_यागी

एसओ-५० साठी नाहीच. तो एफएमचा उपग्रह, १४५.८५० ला ६७ हर्ट्झच्या टोनसकट बोलायचं, ४३६.७९५ ला ऐकायचं. एका हातात यागी, दुसऱ्यात हँडी (हातातला रेडिओ), मजा येते. पण आरएस-४४ सारख्या लिनिअर उपग्रहावर एसएसबी मोडमध्ये बोलताना एक हात डॉपलरने सरकणारी फ्रिक्वेन्सी सावरायची घुंडी फिरवण्यात, दुसरा माइकवर किंवा मोर्सच्या कीवर. यागी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? शिवाय मेच्या दुपारी गच्चीवर उभं राहून बघा एकदा.

आणि क्यूओ-१०० या उपग्रहासाठी तर रोटर लागतच नाही. तो २५.९ अंश पूर्वेला भूस्थिर आहे. पुण्यातून दिशा साधारण २५४ अंश, उंची ३२. डिश एकदा लावली की हात लावायचा नाही.

डिटडिटडा

यागीभाऊ, वळशाचा मुद्दा काढलात ते उत्तम. तुम्ही उपग्रहवाले, मी एचएफवाला, पण दुखणं एकच.

पुण्याहून ग्रेट सर्कलने (पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेने) दिशा काढून बघा. जर्मनी ३१८ अंशांवर. न्यूयॉर्क ३३४. लॉस एंजेलिस चक्क १२ अंशांवर, उत्तर ध्रुवाच्या अंगाने. टोकियो ५९. म्हणजे आपल्याला ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलायचं असतं ती युरोप, अमेरिका आणि जपान ही सगळी मंडळी उत्तरेच्या दोन बाजूंना बसलेली. रोटरचा अडसर (एन्ड स्टॉप, ज्याच्या पलीकडे तो फिरत नाही) उत्तरेला ठेवलात तर न्यूयॉर्कवरून लॉस एंजेलिसला जायचे ३८ अंश, आणि रोटर मात्र पश्चिम, दक्षिण, पूर्व असा ३२२ अंशांचा प्रदक्षिणा मार्ग घेणार. तोवर डीएक्स (लांबचं) स्टेशन दुसऱ्या कुणाला तरी ५९ चा सिग्नल रिपोर्ट देऊन मोकळं.

म्हणून आपल्याकडे एचएफचा अडसर दक्षिणेलाच हवा. दक्षिणेला समुद्रच समुद्र. सिडनी १२६ वर, जोहान्सबर्ग २२६ वर, दोघंही अडसराच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांशी क्वचितच गाठ पडणारे. माझ्या हॅम-फोर रोटरच्या डब्यावरच्या मीटरवर उत्तर मधोमध आणि दोन्ही टोकांना दक्षिण आहे, हे फार शहाणपणाचं आहे. नवा कंट्रोलर लावताना लोक शून्यापासून ३६० पर्यंतची पट्टी डोक्यात धरतात आणि हे सगळं घालवून बसतात. फर्मवेअरमध्ये सुरुवातीचा अंश १८० टाका, फिरण्याचा आवाका ३६० टाका, झालं.

तांब्याची_तार

+१. डिटडिटडा काका, हॅम-फोरच्या ब्रेकबद्दलही लिहा. नवीन लोक तिथेच माती खातात.

डिटडिटडा

लिहितो. जी-५५०० मध्ये वेगळा ब्रेक सोडावा लागत नाही. हॅम-फोरमध्ये सोलेनॉइडवर चालणारी पाचर असते, ती दातेरी कड्यात बसते. क्रम असा: आधी ब्रेक उचलायचा, मग मोटर चालू. थांबताना आधी मोटर बंद, मग तीन-चार सेकंद वाट बघायची, अँटेना स्वतःच्या वजनाने झुलून स्थिर झाली की मगच ब्रेक टाकायचा. हाताने चालवताना लिव्हर धरून ठेवायची सवय असते, त्यामुळे आपसूक होतं. प्रोग्रामला सवय नसते. त्याला ब्रेक डिलेची संख्या द्यावी लागते. ती शून्य ठेवली तर वीस फुटी बूमचा (अँटेनाच्या आडव्या दांड्याचा) सगळा हिसका पाचरीवर आणि मास्टच्या (उभ्या खांबाच्या) क्लॅम्पवर येतो. वर चढून बघाल तेव्हा मास्ट क्लॅम्पमध्ये सरकलेला दिसेल आणि कंट्रोलर मात्र छातीठोकपणे चुकीची दिशा दाखवत राहील.

दुसरं, उजवीकडे फिरत असताना थेट डावीकडचा हुकूम द्यायचा नाही. मध्ये थांबा हवाच.

तिसरं, केबल. हॅम-फोरला आठ तारा जातात, त्यातल्या सोलेनॉइडच्या दोन जाड घ्या. लांब केबलमध्ये व्होल्टेज पडला की ब्रेक अर्धवट उचलला जातो आणि मोटर नुसती गुरगुरते. लोक कंट्रोलरचा प्रोग्राम तपासत बसतात. मोटरचा कॅपॅसिटर डब्यातून काढून वर रोटरजवळ बसवला तर लांब केबलवर फरक जाणवतो. नॉन-पोलर कॅपॅसिटर हवा, हे सांगायला नको.

सोल्डर_सखी

काका, ही पोस्ट छापून शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) लावतेय.

मायक्रोकंट्रोलरच्या बाजूने थोडं माझ्याकडून. आर्डुइनोची एक खोड खूप जणांना माहीत नसते. सॉफ्टवेअरने सीरियल पोर्ट उघडला की डीटीआर लाइनमुळे बोर्ड रीसेट होतो. बूटलोडर एक-दोन सेकंद घेतो आणि तेवढ्यात आलेली पहिली कमांड बोर्ड गिळून टाकतो. "जीप्रेडिक्ट कनेक्ट होतं, एरर देतं, दुसऱ्यांदा केलं की चालतं" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच. फर्मवेअर एकदा भरून झालं की रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. पुन्हा प्रोग्राम भरताना तो काढायचा.

याच रीसेटचा दुसरा परिणाम ज्यांनी स्वस्तातले रिले बोर्ड वापरलेत त्यांना भोवतो. त्या बोर्डांचा रिले इनपुट लो झाला की ओढतो. बोर्ड सुरू होत असताना पिनांची अवस्था अधांतरी असते, त्यात रिले टक्कन ओढून सोडू शकतो. रोटर जागच्या जागी हिसका देतो. प्रत्येक इनपुटला पाच व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की थांबतं.

ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी: वायफाय मिळतं म्हणून मोह होतो, पण त्याचा आतला एडीसी दोन्ही टोकांना सरळ चालत नाही, आणि त्यातला दुसरा एडीसी वायफाय चालू असताना वापरताच येत नाही. बाहेरून एडीएस-१११५ हा वेगळा एडीसी जोडा, सोळा बिटी आहे, आयटूसीवर चालतो.

आणि आर्डुइनोचा उनो बोर्ड घेऊ नका. के-थ्री-एन-जीच्या फर्मवेअरमध्ये एलसीडी, पार्किंग, उंची असं दोन-चार गोष्टी चालू केल्या की ३२ किलोबाइट भरतात. मेगात २५६ आहेत.

रत्नांग्रीकर

तुम्ही घाटावरचे लोक प्रोग्रामबद्दल बोलताय, इथे आमचा कंट्रोलर पावसाळ्यात वेड लागल्यागत वागतो. जूनपर्यंत दिशा बरोबर, मग वाचन पाच-दहा अंशांनी नाचायला लागतं. रोटर उभा, आकडा पळतोय. प्रोग्राम बिचारा आकडा दुरुस्त करायला रोटर मागेपुढे करत राहतो. टक टक टक. शेजारचे विचारतात, रात्री काय ठोकता?

सोल्डर_सखी

दादा, यात दोन वेगळी दुखणी असू शकतात. ट्रान्समिट करतानाच आकडा नाचत असेल तर आरएफ (तुमच्याच ट्रान्समीटरचा सिग्नल) शिरतोय. रोटरमध्ये दिशेचा व्होल्टेज देणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या तारेला कंट्रोलरच्या टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, केबलवर फेराइट क्लॅम्प, आणि प्रोग्राममध्ये दहा-वीस वाचनांची सरासरी. रेडिओ बंद असतानाही नाचत असेल तर वरच्या कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज. खाऱ्या हवेत तेच जास्त शक्य. डब्यापासून केबल सोडवून मल्टिमीटरने पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा, कोरड्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा, पावसात पुन्हा मोजा.

टकटक मात्र आजच बंद करता येईल. लक्ष्याच्या किती जवळ आलं की पुरे समजायचं, ती सूट वाढवा. एचएफला पाच अंश खुशाल ठेवा.

गच्चीवरचा_यागी

अगदी. आणि जीप्रेडिक्टमध्येही हाच टॉलरन्स वेगळा असतो, आणि किती वेळाने हुकूम पाठवायचा ती सायकलही. दोन्हीकडे अर्धा अंश आणि दर सेकंदाला हुकूम असं ठेवलं तर एका पासमध्ये (उपग्रह उगवून मावळेपर्यंत) मोटर शेकडो वेळा चालू-बंद होते. मी टॉलरन्स पाच अंश ठेवलाय. आवाजात काही फरक नाही.

रत्नांग्रीकर, रोटरच्या कनेक्टरवर नुसतं सिलिकॉन थापू नका. आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा, वर साधी इन्सुलेशन टेप, आणि केबलला खाली लोंबता झोल द्या म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलावरून गळेल.

चांद्रवेडा

धागाकर्त्याचं "एक अंशाने काय होतं" सगळ्यांना, म्हणजे चंद्रावरून परतणाऱ्या सिग्नलवर बोलणाऱ्यांना (ईएमई), लागू नाही, हे नोंदवून ठेवतो. १२९६ मेगाहर्ट्झवर तीन मीटरच्या डिशचा झोत साडेपाच अंशांच्या आसपास. १० गिगाहर्ट्झवर तीच डिश पाऊण अंशापेक्षा कमी. चंद्राचं बिंबच अर्ध्या अंशाचं. तिथे पोटेन्शिओमीटर आणि दहा बिटी एडीसी म्हणजे थट्टा आहे. शाफ्टवर थेट अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (कोन थेट आकड्यात देणारा सेन्सर) लागतो, आणि गिअरमधला ढिलेपणा मोजून प्रोग्राममध्ये धरावा लागतो. नाहीतर मोटर बरोबर जागी आणि डिश भलतीकडेच.

गच्चीवरचा_यागी

मान्य. ईएमईवाल्यांना माझा नियम लागू नाही. पण या धाग्यावर येणाऱ्यांतले किती जण चंद्रावरून बोलणार? ज्यांना पहिला कंट्रोलर बांधायचाय त्यांनी तुमची पोस्ट वाचून एन्कोडर मागवू नये, एवढीच विनंती.

डिटडिटडा

चांद्रवेडा, तुमच्यामुळे आपल्या हॅमसॅट या हॅम उपग्रहाची आठवण झाली. इस्रोने ५ मे २००५ ला पीएसएलव्ही सी-६ वरून कार्टोसॅट-१ बरोबर सोडला होता, व्हीओ-५२. २०१४ मध्ये बंद पडला. तेव्हा आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे उंचीचा रोटर नव्हता. यागी पंधरा-वीस अंश वर तिरकी बांधायची आणि टीव्हीच्या रोटरने फक्त दिशा फिरवायची. उपग्रह पासचा बहुतेक वेळ क्षितिजाच्या जवळच घालवतो, त्यामुळे काम भागायचं. आजही कमी पैशात सुरुवात करायची असेल तर मी हेच सांगेन. उंचीची अर्धी कटकट मुळातूनच जाते.

तांब्याची_तार

आणि ज्यांना उंची हवीच आहे पण जी-५५०० परवडत नाही, त्यांनी भंगारवाल्याकडे जुन्या सी-बँड डिशचा ३६ व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर शोधा. त्यात रीड स्विच असतो, दांडा सरकला की पल्स देतो. पल्स मोजून उंची कळते. दांडा सरळ रेषेत सरकतो आणि अँटेना कोनात फिरते, त्यामुळे पल्स आणि अंश यांचं प्रमाण सारखं राहत नाही. तक्ता करून प्रोग्राममध्ये घालावा लागतो. त्यापेक्षा बूमवर एडीएक्सएल-३४५ हा झुकाव ओळखणारा सेन्सर चिकटवून गुरुत्वावरून उंची वाचणं सोपं. के-थ्री-एन-जीच्या फर्मवेअरमध्ये तशी सोय आहे. दिशेसाठी मॅग्नेटोमीटर मात्र लावू नका. लोखंडी मास्टशेजारी तो काहीही सांगतो.

शिकाऊ_व्हीयू३

यागीदादा, "कुठल्या बाजूने वळून जायचं" हे उपग्रहाच्या बाबतीत नीट कळलं नाही. जी-५५०० तर ४५० अंश फिरतो ना? मग अडचण कसली?

गच्चीवरचा_यागी

चांगला प्रश्न. समजा अडसर उत्तरेला आहे, आवाका ० ते ४५०. पास ३३० अंशांवर उगवतो आणि उत्तरेवरून ६० वर मावळतो. रोटर ३३० वरून ३६०, मग पुढे ४२० पर्यंत जातो. ४२० म्हणजेच ६०. छान.

आता उलटा पास. ६० वर उगवतो आणि उत्तरेवरून ३३० वर मावळतो. जीप्रेडिक्ट म्हणतं ६० वर जा. कंट्रोलर जवळचं ६० गाठतो. मग ५०, ४०, ३०... शून्यावर अडसर. पुढे ३५९ हवंय, म्हणजे सगळा वळसा उलटा. जी-५५०० ला ३६० अंशांना साधारण मिनिट लागतं, आपल्या ५० हर्ट्झवर थोडं जास्तच. आयएसएसचा (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा) सगळा पास दहा मिनिटांचा, आणि हे मिनिट नेमकं पासच्या मध्यावर जातं. सुरुवातीलाच ६० ऐवजी ४२० वर जाऊन बसला असता तर काही झालंच नसतं. पण कंट्रोलरला पुढचं दिसत नाही, त्याला फक्त आत्ताचा हुकूम कळतो. पास कुठे जाणार ते सॉफ्टवेअरला माहीत असतं, अडसर कुठे आहे ते कंट्रोलरला. या दोघांची गाठ तुम्ही घालून द्यायची.

जीप्रेडिक्टमध्ये रोटरची नोंद करताना दिशेची पट्टी ० ते ३६० की उणे १८० ते १८० ते विचारतं. इथे खरं उत्तर द्या. उंचीची कमाल मर्यादा ९० ऐवजी १८० टाकली तर ते पास उलटाही घेऊ शकतं: यागी डोक्यावरून मागे झुकवायची आणि दिशा १८० ने बदलायची. आत्ताचा ६० ते ३३० चा पास मग २४० वरून १८० वरून १५० असा जातो, अडसर वाटेत येतच नाही. वर बघायला विचित्र वाटतं, पण चालतं.

आणखी एक. डोक्यावरून जाणाऱ्या पासला रोटर मागे पडला म्हणून घाबरू नका. आयएसएस ८५ अंश उंचीवरून जाताना दिशा सेकंदाला बारा अंशांच्या आसपास बदलते, रोटर जेमतेम सहा फिरतो. पण इतक्या उंचीवर दिशा चाळीस अंशांनी चुकली तरी आकाशात प्रत्यक्ष अंतर तीन-चार अंशच पडतं. झोतात राहतो.

सोल्डर_सखी

एक सूचना सुरक्षेची. हॅमलिबचा रोटसीटीएलडी (नेटवर्कवरून रोटर फिरवणारा प्रोग्राम) ४५३३ पोर्टवर ऐकतो, आणि तो पासवर्ड वगैरे काही विचारत नाही. गच्चीवर रास्पबेरी पाय ठेवून घरातल्या नेटवर्कवरून चालवणं उत्तम, पण ऑफिसातून फिरवता यावं म्हणून राउटरवर हा पोर्ट उघडा टाकू नका. कुणीही येऊन अँटेना फिरवेल. व्हीपीएन करा. शिवाय दुरून चालवायचं तर अँटेनाकडे तोंड केलेला एक साधा कॅमेरा हवाच, आणि फर्मवेअरमध्ये अडकल्याची तपासणी चालू हवी: मोटर चालू आहे पण व्होल्टेज हलत नाही, तर दोन-तीन सेकंदांत बंद. पतंगाचा मांजा बूममध्ये अडकलेला असू शकतो.

विदर्भ_वेव्ह

उशिरा आलो, धागा बुकमार्क केलाय. नागपुरातून विचारतो: उत्तर नेमकी कशी धरायची? मोबाइलचा कंपास टॉवरजवळ भिरभिरतो.

डिटडिटडा

सूर्यावरून धरा. सूर्य माथ्यावरच्या रेषेत येतो तेव्हा उभ्या काठीची सावली थेट उत्तर-दक्षिण पडते. ही वेळ घड्याळातले बारा नव्हे. नागपुरात सरासरी सव्वाबाराच्या आसपास, पुण्यात बारा पस्तीस, आणि ऋतूप्रमाणे पंधराएक मिनिटं पुढेमागे. त्या दिवसाची नेमकी वेळ पंचांगात किंवा वेधाच्या अ‍ॅपवर मिळते. डिसेंबर-जानेवारीत करा, सावली लांब पडते. मे-जुलैत सूर्य डोक्यावर असतो, सावलीच उरत नाही.

सूर्य सोयीचा नसेल तर लांबची एखादी टेकडी किंवा पाण्याची टाकी निवडा, उपग्रह नकाशावर घरापासून तिची दिशा मोजा आणि बूम तिच्यावर रोखा.

गच्चीवरचा_यागी

आणि हे झाल्यावरच कॅलिब्रेशन. रोटर पूर्ण डावीकडे नेऊन 'ओ' हा हुकूम, मग पूर्ण उजवीकडे नेऊन 'एफ'. हा क्रम पाळा. त्यानंतर मध्ये कुठेतरी, त्या टाकीवरच, आकडा जुळतोय का ते बघा. टोकं जुळली आणि मध्य पाच-सात अंशांनी चुकला तर पोटेन्शिओमीटर सरळ चालत नाहीये. त्यासाठी के-थ्री-एन-जीमध्ये दुरुस्तीचा तक्ता भरता येतो, पण एचएफला तो भरायची गरज पडणार नाही.